नेपाळमध्ये घर बांधायला जाऊ, की पैसे पाठवू?

प्रश्न : मी २६ वर्षांची असून पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. आम्ही पाच सहकारी नोव्हेंबरमध्ये नऊ दिवसांसाठी नेपाळला जाण्याचे ठरवत आहोत. तिथल्या डोंगराळ भागातील एका गरजू कुटुंबासाठी घर बांधण्याचा हा उपक्रम एक संस्था चालवते. प्रवास, राहणे-जेवण आणि संस्थेचे शुल्क धरून प्रत्येकी १,१५,००० रुपये खर्च येईल. माझ्या बाबांना हे पटत नाही. त्यांनी सिन्नर भागात तीस वर्षे लहानसहान बांधकामे घेतली. ते म्हणतात, ‘विटेला कधी हात न लावलेली पाच माणसे विमानाने नेऊन तिथे बिगाऱ्याचे काम करण्यापेक्षा ते पैसे पाठवून द्या, नाहीतर आपल्याच तालुक्यात कोणाचे तरी घरकुल पुरे करा.’ मावसभाऊ तर ‘फोटो काढायला चाललात’ म्हणून चिडवतो. मदत करण्याची माझी इच्छा खरी आहे, पण हे सारे मी स्वतःच्या समाधानासाठी करते आहे का, अशी शंका आता मलाच येऊ लागली आहे. जावे, की पैसे पाठवावेत? — आर्या, पुणे (नाव बदलले आहे)

उत्तर :

प्रिय आर्या,

तुमच्या बाबांचा हिशेब आधी मांडू या, कारण तो चुकलेला नाही. पाच जणांचे मिळून ५,७५,००० रुपये होतात. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. त्या दराने ही रक्कम ९,२०,००० नेपाळी रुपये भरते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये जवळपास नऊ हजार माणसे गेली आणि सुमारे पाच लाख घरे पूर्णपणे पडली. घर गमावलेल्या कुटुंबाला तिथल्या सरकारने पुनर्बांधणीसाठी आधी दोन लाख आणि पुढे वाढवून तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान ठरवले. म्हणजे तुमच्या नऊ दिवसांचा खर्च तशा तीन कुटुंबांच्या अनुदानाएवढा आहे. आपल्याकडचे पाहायचे तर प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागातील घराला केंद्राच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये मिळतात. तुमच्या एकटीचा खर्च त्याच्या जवळपास जातो. ‘घरकुल पुरे करा’ हे बाबांचे म्हणणे केवळ रागाने काढलेले नाही; ज्या माणसाने आयुष्यभर सिमेंटच्या गोण्या मोजल्या, त्याचा तो अंदाज आहे.

हाच हिशेब यापूर्वी एका अभ्यासकानेही मांडला होता. १९९८ मध्ये ‘मिच’ नावाच्या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास उद्ध्वस्त केल्यावर उत्तर अमेरिकेतून स्वयंसेवकांचे गट तिथे घरे बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्याचा मागोवा घेतला. बाहेरच्या गटाने जाऊन बांधलेल्या एका घरामागे, प्रवासखर्च धरून, सुमारे तीस हजार डॉलर लागले होते. तसेच घर स्थानिक संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये उभे करत होती. घर कोणी बांधले यावरून त्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात काही फरक पडल्याचेही त्याला दिसले नाही. हे वाचून बाबा नक्कीच तुमच्याकडे वळून पाहतील, म्हणून हा उतारा त्यांना दाखवण्याआधी पुढचेही वाचा.

‘पैसे पाठवून द्या’ या सल्ल्यात एक गृहीत दडलेले आहे. सहल रद्द झाली तर ते १,१५,००० रुपये तुमच्या खात्यातून खरोखरच कुणा गरजूकडे जातील, असे ते गृहीत आहे. तसे होईल का, हे तुम्ही पाचही जणांनी एकमेकांसमोर बसून ठरवावे. माझा अनुभव असा की अशा वेळी दहा-पंधरा हजार पाठवले जातात आणि उरलेल्याचे पुढच्या सुट्टीत दुसरे काहीतरी होते. यात कुणाला दोष देण्याचा हेतू नाही. माणसाचा हात तसाच चालतो. तेव्हा तुमची तुलना ‘जाणे’ आणि ‘पूर्ण रक्कम पाठवणे’ यांच्यात नसून ‘जाणे’ आणि ‘तुम्ही प्रत्यक्षात जे कराल ते’ यांच्यात आहे. तुमच्यापैकी कोणी पूर्ण रक्कम पाठवायला मनापासून तयार असेल तर त्याने जाऊ नये, पाठवावी. माझा त्याला तेवढाच सल्ला आहे. बाकीच्यांसाठी पुढे लिहिते.

स्वतःच्या समाधानासाठी करते आहे का, या शंकेवर मी फार वेळ घालवणार नाही. समाधान मिळाले म्हणून काम वाईट होत नाही आणि न मिळाल्याने चांगलेही होत नाही. पारख करायची ती कामाची. तुमच्या पत्रातला ‘घर बांधायला’ हा शब्द मात्र मला खटकतो, आणि माझे बहुतेक म्हणणे त्या एका शब्दाभोवतीच आहे.

परक्या मुलुखात जाऊन पडकी घरे उभारण्याची ही कल्पना अलीकडच्या पर्यटन कंपन्यांनी काढलेली नाही. पियर सेरेसोल हा स्विस अभियंता पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, व्हर्डनच्या रणभूमीजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात निरनिराळ्या देशांच्या मूठभर माणसांना घेऊन गेला, आणि त्यातून आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांची चळवळ सुरू झाली. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी नेपाळ आणि बिहार हादरवणारा भूकंप झाला, तेव्हा हाच माणूस बोटीने हिंदुस्थानात आला आणि मुझफ्फरपूर जिल्ह्यात पुनर्वसनाच्या कामाला लागला. मला त्याच्या येण्यापेक्षा त्याच्या परत परत येण्याचे अधिक वाटते. १९३४ ते १९३७ या काळात तो आणि त्याचे मोजके सोबती पुन्हा पुन्हा तिथे राहिले. भूकंपाने जमिनीची पातळी बदलून पुराचे पाणी साचू लागले होते, म्हणून वस्त्या उंचवट्यावर हलवण्याचे काम त्यांनी गावकऱ्यांबरोबर केले. जागा कोणती घ्यावी आणि पाणी कुठून येते हे तिथल्या शेतकऱ्यालाच ठाऊक होते. आलेल्या माणसाला ते ऐकून घेण्याएवढा वेळ होता. तुमच्याकडे नऊ दिवस आहेत. जाण्यायेण्याचे, विश्रांतीचे आणि काठमांडू पाहण्याचे दिवस वजा केले तर कामाचे पाच, फार तर सहा उरतील.

सहा दिवसांत घर होत नाही, हे तुमचे बाबा तुम्हाला सांगतीलच. नुसत्या काँक्रीटवर आठवडाभर तरी पाणी मारावे लागते. नेपाळच्या डोंगरी भागात पारंपरिक घर म्हणजे मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या दगडांची जाड भिंत. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू वेगवेगळ्या रचलेल्या असतात, मध्ये भर घातलेली असते आणि दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड नसतात. त्यामुळे हादरा बसला की भिंत फुगते आणि दोन्हीकडे ढासळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जी माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, त्यांच्या भिंतींचा दोषही हाच होता. म्हणून २०१५ नंतर नेपाळमध्ये हजारो डकर्मींना नव्या पद्धतीचे प्रशिक्षण देण्यात आले. गवंड्याला तिकडे डकर्मी म्हणतात आणि बिगाऱ्याला ज्यामी. ठरावीक अंतरावर आरपार दगड, जोत्याला, खिडक्यांच्या खाली-वर आणि छपराखाली काँक्रीटचे किंवा लाकडाचे आडवे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया, आणि सळयांभोवतीच्या रिंगांचे आकडे आतल्या बाजूला पुरते वळवलेले, अशी ती पद्धत आहे. आकडा नुसता काटकोनात वळवून सोडला तर तो डोळ्यांना नीट दिसतो, पण भूकंपात रिंग उघडते. हौशी हाताने केलेली ही चूक एकदा काँक्रीट ओतले की पुढच्या भूकंपापर्यंत कोणालाच दिसत नाही. तुमच्या हातून कोणते काम व्हावे आणि कोणते मुळीच होऊ नये, याचे उत्तर यातच आहे. वाळू चाळणे, दगड-विटा हातोहात पोचवणे, घमेली वाहणे, माल कालवणे, पाणी मारणे, पाया खोदणे, बांबूचे घर असेल तर बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेल्या कामट्या विणणे, गिलाव्याला हात लावणे ही कामे तुम्ही खुशाल करा. ओळंबा, पट्टे आणि सळया डकर्मीकडेच राहू द्या. थोडक्यात तुम्ही तिथे ज्यामी म्हणून जाल. बाबांनी ‘बिगाऱ्याचे काम’ असा शब्द टाकून बोलताना वापरला असेल. मी तो जशाच्या तसा स्वीकारायला सांगते आहे.

आता माझी एक जुनी गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर बावन्न गावे मूळ जागेवरून हलवून नव्याने वसवली गेली. त्यांपैकी एका गावात नुकतीच पदवी घेतलेल्या आम्हा काही जणांना एका संस्थेने नकाशे आणि देखरेखीच्या कामावर घेतले होते. आम्ही मन लावून काम केले, भिंती ओळंब्यात होत्या, स्लॅबला एक थेंब गळती नव्हती. स्वयंपाकघरात आम्ही उभ्याने काम करता येईल असा ओटा दिला होता आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. वर्षभराने मी तिथे गेले, तेव्हा ओट्यावर पितळी भांडी मांडून ठेवलेली होती, खोलीत कडबा भरलेला होता आणि स्वयंपाक बाहेर पत्र्याच्या आडोशाला चुलीवर चालला होता. घरातल्या आजी मला म्हणाल्या, “घर लई चांगलं हाय बाई, पर भाकर कुठं थापायची?” बसून भाकरी थापायला जागा नव्हती, चुलीच्या धुराला वाट नव्हती, जनावराला गोठा नव्हता आणि बाईमाणसाने चारचौघांच्या नजरेआड बसावे अशी ओसरी नव्हती. हे सगळे आम्हाला पायाच्या आधी एका दुपारी कळू शकले असते. आम्ही विचारलेच नव्हते, कारण घर कसे असावे हे आम्हाला येत होते.

नेपाळमध्येही असेच एक दुखणे निघाले. तीन लाखांचे अनुदान एकदम हातात पडत नव्हते; करार झाल्यावर पन्नास हजार, पायाचे काम तपासून झाल्यावर दीड लाख आणि भिंती छपरापर्यंत आल्यावर एक लाख, अशा तीन हप्त्यांत ते मिळत होते. सरकारने ऑक्टोबर २०१५ मध्ये घरांचे सतरा नमुने प्रसिद्ध केले खरे, परंतु अनुदानात पूर्ण घर होत नसे, कर्जाची धास्ती होती आणि घरातला कर्ता तरुण आखातात किंवा मलेशियात मजुरीला गेलेला असे. परिणामी कित्येकांनी हप्ता हातचा जाऊ नये म्हणून निकषात बसेल अशी एका खोलीची इमारत बांधली आणि स्वतः शेजारच्या जुन्या पडवीतच राहिले. पहाडातल्या जुन्या घरात खाली चूल, वर निजायची जागा आणि त्याच्या वर मका ठेवायला पोटमाळा असतो; एका खोलीत यातले काय ठेवणार? आणि ज्यांच्याकडे जमिनीचा लालपुर्जा, म्हणजे आपल्या सातबाऱ्यासारखा मालकीचा कागदच नव्हता, त्यांची अनुदानासाठी झालेली ओढाताण वेगळीच. नेपाळच्या खेड्यात आज घर अपुरे राहिले असेल, तर त्यामागे हातांची कमतरता क्वचितच असते. कागद, पैसा आणि गावात न उरलेली तरुण माणसे हीच कारणे बहुधा निघतात.

म्हणून संस्थेला पैसे भरण्याआधी लेखी विचारायच्या गोष्टी सांगते, आणि त्यांतल्या पहिलीवर मी सर्वाधिक भर देईन. घराचा नकाशा कोणी ठरवला, आणि चूल, धान्य, जनावर यांची सोय घरातल्या बाईला विचारून केली आहे का? हे कुटुंब कोणी निवडले, गावाने की संस्थेने, आणि जमिनीचा कागद कुटुंबाच्याच नावावर आहे ना? तुम्ही काम कराल त्या दिवसांत डकर्मी आणि ज्यामी यांची मजुरी नेहमीसारखीच चालू राहणार आहे, की तुमच्यामुळे कुणाचा रोज बुडणार आहे? तुमच्या १,१५,००० रुपयांतले प्रत्यक्ष घरात किती जातात? तुम्ही परतल्यावर उरलेले काम कोण, कोणत्या तारखेपर्यंत पुरे करणार? चांगल्या संस्थेला हे प्रश्न नवे नसतात आणि ती चिडत नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्यामुळे जगाला माहीत झालेली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था १९७६ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मिलार्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने सुरू केली, तेव्हापासून तिचा एक दंडक आहे: ज्याचे घर, त्याने स्वतःच्या श्रमाचा वाटा त्यात घालायचा. तुमची संस्था कोणतीही असो, घराचा मालक कामावर तुमच्याबरोबर असेल का, हे अवश्य विचारा. तुम्ही घमेले उचलत आहात आणि घरधनी कडेला हात जोडून उभा आहे, असे चित्र असेल तर तिथे काहीतरी बिघडलेले आहे.

तुम्हाला हे प्रश्न उद्धटपणाचे वाटत असतील तर थोडा वेळ बाजू बदलून पाहा. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस कार्टर दांपत्य लोणावळ्याजवळ मळवलीला आले होते. देशोदेशींच्या सुमारे दोन हजार स्वयंसेवकांनी तिथे आठवडाभरात शंभर घरांचे काम केले; कार्टर तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. (त्यांच्या आईंनी त्याच्या कितीतरी आधी, अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक दलात नाव नोंदवून विक्रोळीत परिचारिका म्हणून जवळपास दोन वर्षे काढली होती. त्या कामाला ना विटा लागल्या ना कॅमेरे, आणि खरे सांगायचे तर मला तेच काम अधिक भावते.) त्या आठवड्यात यजमान आपण होतो. आपल्या गावात कोणी परदेशी माणूस घर बांधायला आला, तर त्याने कोणाला विचारून यावे, कुठे थांबावे, कशाला हात लावू नये, हे आपल्याला क्षणात सुचते. तीच यादी स्वतःला लावली म्हणजे झाले. याच कार्टरांचा असाच उपक्रम २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये नेपाळमधल्या चितवनला व्हायचा होता. त्या शरद ऋतूत तिथली अशांतता आणि इंधनाची टंचाई इतकी वाढली की तो रद्द केला गेला. लोकांना गॅस मिळत नसताना पाहुण्यांच्या बसगाड्या न आणणे ही त्या महिन्यातली मदतच होती. तुमच्या तारखांच्या सुमारास तिथे पूर, दरड किंवा बंद असेल तर परत फिरण्याची तयारी ठेवा आणि त्याचा परतावा मागताना फार ताणू नका.

मावसभावाच्या फोटोच्या टोमण्यावर सोपा तोडगा आहे. पहिले तीन दिवस कोणीही फोन बाहेर काढायचा नाही, आणि नंतर घरच्यांनी आपण होऊन म्हटले तरच त्यांच्यासोबत एक फोटो काढायचा, ज्याची प्रत त्यांना पोचवायची. दुसऱ्याच्या पडक्या घरासमोर उभे राहून आपला चेहरा टिपणे मला तरी सहन होत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘अर्धा दिवस अनाथाश्रमात मुलांसोबत’ असे काही असेल तर त्याला ठाम नकार द्या. नेपाळमधल्या अनेक बालगृहांत ज्यांचे आई किंवा वडील हयात आहेत अशी मुले ठेवलेली असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळेच मुलांना घरापासून तोडून आणण्याचा व्यवहार फोफावला, हे युनिसेफसारख्या संस्था वारंवार सांगत आल्या आहेत.

तर माझे मत असे: वरच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर जा. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावर संस्था गुळमुळीत बोलू लागली, तर मात्र जाऊ नका. त्या वेळी बाबांचा सल्ला शब्दशः पाळा आणि रक्कम एखाद्या अडकलेल्या घरकुलाला द्या. गेलात तर तिथून आल्यावर काय, हेही आधीच ठरवा. होंडुरासच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती: परतलेल्या बहुतेक स्वयंसेवकांच्या पुढच्या देणग्यांत फारसा फरक पडला नाही. तिथे असताना भारावलेले मन परत आल्यावर हप्ते आणि मुदती यांत विरून जाते, आणि तुम्ही पाच जण त्याला अपवाद असाल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच तिघांनी नव्हे, पाचही जणांनी बँकेत दरमहा ठरावीक रकमेची सूचना देऊन ठेवावी, आणि ती रक्कम त्याच गावातल्या पुढच्या घरासाठी दोन-तीन वर्षे जावी. दोन हजार रुपये महिना प्रत्येकी धरले तरी तीन वर्षांत ३,६०,००० होतात, म्हणजे आज जे तुम्ही विमानाच्या तिकिटावर आणि राहण्यावर घालवणार आहात त्याचा मोठा हिस्सा भरून निघतो. बाबांच्या हिशेबाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

किरकोळ गोष्टी सांगून टाकते. भारतीय नागरिकाला नेपाळला व्हिसा लागत नाही, परंतु विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते. आधार कार्डावर विसंबू नका. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. जाड तळव्याचे बूट आणि दोन जोड हातमोजे पुण्यातून न्या आणि येताना तिथल्या ज्यामींना विचारून ठेवून या. नोव्हेंबरच्या तारखा पक्क्या करण्याआधी तिहारचे पाच दिवस कधी येतात ते पाहा, कारण आपल्या दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या त्या सणात डकर्मी आपापल्या घरी असतात आणि तुम्ही रिकाम्या बांधकामावर बसून राहाल.

शेवटी तुमच्या पत्रातले एक वाक्य, जे तुम्ही ओघात लिहून गेलात. बाबांनी तीस वर्षे बांधकामे घेतली आणि त्यांच्या मुलीने विटेला हात लावलेला नाही. निघायला अजून काही आठवडे आहेत. चार रविवार सिन्नरला जा आणि त्यांना सांगा, मला माल कालवायला शिकवा. सिमेंट-वाळूचे प्रमाण, पाणी किती घालायचे, घमेले कमरेने न उचलता पायांनी कसे उचलायचे, ओळंबा कसा वाचायचा, चांगल्या आणि फसव्या रिंगेतला फरक बोटाने कसा ओळखायचा, हे सारे त्या माणसाला येते आणि अजून त्याला कोणी विचारलेले नाही. आपल्याकडे इर्जिक होती, सावड होती. नेपाळच्या डोंगरात तिला पर्म म्हणतात. आज तुझ्या शेतावर आम्ही, उद्या आमच्या शेतावर तू. परक्या गावात नऊ दिवस राहून त्या पर्मची परतफेड तुम्हाला करता येणार नाही, पण निदान काम येणारा हात घेऊन तरी जाल. आणि चौथ्या रविवारी, संध्याकाळी हात धुताना, संस्थेने पाठवलेला घराचा नकाशा बाबांसमोर ठेवा. त्यात चूल कुठे आहे, हे ते तुमच्या आधी शोधतील.